डोंगरवाटेला आठ गाड्या न्यायच्या तर: पंप (हवेचा)

मागच्या फेब्रुवारीत आम्ही आठ जण पुणे जिल्ह्यात वेल्ह्याच्या पुढे, केळदच्या बाजूच्या डोंगरात मोटारसायकली घेऊन गेलो होतो. त्याआधी आठवडाभर ग्रुपवर यादी चालू होती. कुणीतरी विचारलं, "पंपाचं काय?" लगेच उत्तर आलं, "खेड शिवापूरला आहे की, तिथेच टाक्या फुल करू." खाली चार अंगठे. त्यातला एक माझा. विचारणाऱ्याला म्हणायचं होतं हवेच्या पंपाबद्दल, आणि त्याला वाटलं आपल्यालाच कळत नाहीये, कुणाकडे तरी असणार. म्हणून तोही गप्प बसला.

वर धनगरवाड्याच्या चढाला, दगडाच्या कडेवर आपटून एका एक्सपल्स गाडीची मागची ट्यूब चिमटली. आठ जणांत मिळून सहा पंक्चर किट, टायर लिव्हरचे तीन संच आणि दोन ड्रोन. पंप शून्य. टायर उघडलं, पॅच लावला, चाळीस मिनिटांत झालं म्हणून एकमेकांच्या पाठी थोपटल्या, आणि मग सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागलो. वाड्यावरच्या एका मामांनी बिचाऱ्यांनी सायकलचा पंप काढून दिला. पण जुन्या देशी सायकलचा व्हॉल्व्ह वेगळा आणि मोटारसायकलचा वेगळा. तोंड जुळेना. शेवटी चाक मांडीवर घेऊन एक जण मागे बसला, दुसऱ्याने गाडी वेल्ह्यापर्यंत नेली, तिथे लाइट गेलेली. चाक परत वर आलं तेव्हा अंधार पडला होता.

म्हणून यंदाची ही यादी. पहिली ओळ पंप. हवेचा.

आणि पंप म्हणजे एक नाही, दोन. आपण डांबरी सोडताना टायरमधली हवा कमी करतो, सुट्या दगडांवर आणि घसाऱ्यावर टायर पसरून पकडावं म्हणून. रस्त्यावर तीस पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) आसपास असेल तर वीसच्या आसपास आणतो. ट्यूबवाल्या टायरला त्याच्याखाली जाऊ नका. एक म्हणजे दगडावर ट्यूब चिमटते, दुसरं म्हणजे जोरात चढवताना टायर रिमवर फिरतं, ट्यूबला सोबत ओढतं आणि व्हॉल्व्ह मुळापासून फाटतो. त्याला पॅच नाही. बरं, कमी केलेली हवा परत भरायची कुठे? आठ गाड्या म्हणजे सोळा टायर. छोटा बॅटरीवाला पंप एका टायरला तीन मिनिटं घेतो असं धरा, झाला पाऊण तास. शिवाय दोन-तीन टायरनंतर तो तापतो, त्याला थंड होऊ द्यावं लागतं. मागच्या वेळी पंक्चर झालेल्या एकट्यालाच पंप हवा होता असं नाही. उरलेले सात जण वीसच्या हवेवर, चाळीसच्या वेगाने, ट्रकच्या शेजारून हायवे गाठत होते. हँडल चिखलात रुतल्यासारखं जड लागतं. परत करायचं नाही.

यातला एक पायाने मारायचा साधा पंप असू द्या. त्याला चार्जिंग लागत नाही. दुसरा बॅटरीचा चालेल, पण आदल्या रात्री चार्ज केलेला, आणि घरी आपल्याच गाडीच्या टायरला लावून बघितलेला. कारच्या लायटर सॉकेटवर चालणारा पंप आणणारा एक तरी शूर निघतोच. मोटारसायकलला ते सॉकेट कुठे आहे, हे त्याने आधी दाखवावं. बॅटरीला थेट लावायचे चिमटे असतील तर ठीक. हवा मोजायचं गेजही घ्या. अंगठ्याने दाबून "आहे आहे" म्हणणं पुरे झालं.

आता बाकीचं. हेल्मेट, बूट, गुडघ्याचं पॅड, हातमोजे: लिहायची गरज नाही. लायसन्स, विमा, पीयूसी: तसंच.

पंक्चरचं सामान आपल्या टायरला लागू पडणारं घ्या. ट्यूबलेस टायरच्या भोकात भरायची दोरी ट्यूबच्या टायरला काही कामाची नाही. एक्सपल्स आणि जुनी 411 सीसीची हिमालयन दोन्ही तारांच्या चाकाच्या, ट्यूबवाल्या. अशा गाड्या असतील तर 21 इंची पुढच्या चाकाची एक नवी ट्यूब न्या. अडचणीच्या वेळी ती मागच्या 17 किंवा 18 च्या टायरमध्येही कोंबता येते, घरापर्यंत पोचवते. उलटं जमत नाही. सोल्यूशनची नळी एकदा उघडली की आतल्या आत वाळते, तेव्हा दाबून बघा. आणि मागचं चाक काढायला लागणारा मोठा पाना कंपनीच्या किटमध्ये असेलच असं नाही. घरीच एकदा चाक सैल करून बघा, म्हणजे तिथे दगडाने ठोकत बसायला नको.

क्लच आणि ब्रेकचे लिव्हर प्रत्येकाने स्वतःच्या गाडीचे आणायचे. चढावर गाडी पडणारच, आणि पडली की पहिला बळी लिव्हरचा. क्लचची नवी केबल जुन्या केबलच्या शेजारूनच टाकून टेपने बांधून ठेवा. तुटली की फक्त टोकं बदलायची. चेनची जोडकडी आपल्या चेनच्या मापाची. इंजिनच्या केसला दगड लागून भेग पडली तर एम-सील. शिवाय प्लॅस्टिकच्या पट्ट्या, तांब्याची तार, फ्यूज, प्लग. ओढायला पट्टा, चांगला पाच मीटर. नायलॉनची कपडे वाळत घालायची दोरी नव्हे.

गाडी उचलताना हिमालयनचं वजन दोनशे किलोच्या घरात आहे हे लक्षात ठेवा. जो एकटा उचलायला जातो त्याची कंबर दुसऱ्या दिवशी आठ जणांच्या चर्चेचा विषय होते.

वाट आधी बघून या. सगळ्यांनी नाही, एकाने, आदल्या आठवड्यात, शक्यतो थोडं पायी जाऊन. मोबाइलच्या नकाशात रेघ दिसते म्हणजे गाडी जाते असं नाही. मढे घाटाची जुनी वाट नकाशात दिसते. ती कोकणात उतरणारी पायवाट आहे. तानाजी मालुसऱ्यांचं पार्थिव याच वाटेने उमरठला नेलं असं सांगतात. पायी जा, खुशाल जा, गाडी घालू नका. नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या, कारण खोऱ्यात शिरलं की रेंज जाते, आणि मग "लोकेशन टाक ना" म्हणायलाही कुणी उरत नाही. वनखात्याची जमीन कुठे लागते ते विचारा. अभयारण्याच्या हद्दीत आडवाटेने गाडी घालणं हा गुन्हा आहे, तिथे "आम्हाला माहीत नव्हतं" चालत नाही. पावसाळ्यात तर जिल्हाधिकाऱ्यांचे बंदी आदेश निघतात, घाट आणि धबधब्यांच्या ठिकाणांसाठी. ते निघाले की बेत रद्द, वाद नको. तसाही पावसात हा चढ म्हणजे साबण. दिवाळीनंतर माती बसलेली असते, तेव्हा उत्तम. मार्च-एप्रिलमध्ये फुफाटा, आणि वाळलेलं गवत कंबरेपर्यंत. तापलेला सायलेन्सर त्या गवतात टेकवून फोटो काढायला थांबलात तर वणवा लागेल. हे गंमतीत घेऊ नका, अख्खा डोंगर जातो.

भाताच्या खाचरांच्या बांधावरून गाडी नाही, कापणी झालेली असली तरी. वाटेत काट्याची झापं किंवा कवाडी लावलेली असेल तर उघडून गेल्यावर परत लावायची. गुरं समोर आली की इंजिन बंद. वाड्यावर जेवण सांगायचं असेल तर दोन दिवस आधी फोन करून सांगा, आठ जणांची पिठलं-भाकरी म्हणजे त्या माउलीची अर्धी सकाळ. पैसे विचारून द्या आणि घासाघीस करू नका.

माणसं ठरवताना जरा निर्दय व्हा. आठ पुरे, सहा उत्तम. मागे कुणाला बसवायचं नाही. पहिल्यांदा येणारा पुढच्याच्या लगेच मागे, सगळ्यात शेवटी कधीच नाही. शेवटी अनुभवी माणूस, आणि तो शेवटपर्यंत शेवटीच राहील. प्रत्येक फाट्यावर थांबून मागचा दिसेपर्यंत पुढे जायचं नाही. एवढा एक नियम पाळला तर कुणी हरवत नाही, आणि न पाळणारा दरवेळी तोच असतो.

आणि पंप त्या शेवटच्या माणसाकडे द्या. मोडलेली गाडी नेहमी मागे राहते. पंप पुढच्याकडे असेल तर तो दोन डोंगर पलीकडे जाऊन ड्रोन उडवत असतो. दुसरा पंप मधल्या कुणाकडे. दोन्ही एकाच बॅगेत ठेवलेत तर दोन घेऊन उपयोग काय?

चढावर एक जण पूर्ण वर पोचेपर्यंत दुसऱ्याने सुरुवात करायची नाही. मध्ये गाडी बंद पडली तर पुढच्या ब्रेकवर विसंबू नका. चढावर वजन मागे गेलेलं असतं, पुढचं चाक लॉक होऊनही गाडी मागे घसरते. इंजिन बंद, गाडी गियरमध्ये, क्लच सोडून द्या. गियरच गाडी धरतो. तरीही जायला लागली तर सोडा. गाडीच्या खालच्या, दरीच्या बाजूला उभं राहायचं नाही, कितीही महागाची असली तरी. उताराला पहिला गियर, क्लचला हात नाही, मागचा ब्रेक हलका. मागचं एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) बंद करायची सोय असेल तर सुट्या दगडांच्या उतारावर बंद करा, नाहीतर ते ब्रेक सोडत राहतं आणि गाडी पळत राहते. बऱ्याच गाड्यांत चावी फिरवली की एबीएस परत चालू होतं. फोटोसाठी थांबलात, चावी काढलीत, परत निघालात, तर आधी दिवा बघा.

पाणी माणशी तीन लिटर. गूळ, शेंगदाणे, मीठ-साखर. प्रथमोपचाराची पेटी एक, कुणाकडे आहे ते सगळ्यांना माहीत असलेली. रुग्णवाहिकेला 108, पोलिसांना 112, पण रेंज असेल तर. म्हणून शेवटची रेंज कुठे मिळाली होती ते लक्षात ठेवायचं. जोरात पडलेल्याचं हेल्मेट घाईने ओढून काढू नका. दारू नाही, "फक्त बिअर" पण नाही.

आदल्या संध्याकाळी सगळ्यांनी सामान जमिनीवर मांडून फोटो टाकायचा. "आहे माझ्याकडे" असं लिहिलेलं चालणार नाही, फोटो. फोटोत पंप दिसला पाहिजे, आणि तो कुणाचा, हे नावासकट. मागच्या वेळी आमचा घात सामानाने नाही केला, "कुणाकडे तरी असेल" ने केला.

सकाळी साडेपाचला निघा. नसरापूर फाट्याला नाश्ता, अर्धा तास, जास्त नाही. पेट्रोल हायवेलाच भरा. हा दुसरा पंप, याबद्दल तुम्ही आपोआप विचार करता, म्हणून एवढंच.

वर तीन वाजले की परत फिरायचं. कुठेही असा. उतरायला चढण्याइतकाच वेळ लागतो.

डांबरीला लागलात की थांबा, हवा भरा, सोळाही टायर. नट-बोल्ट हाताने बघा, नंबर प्लेट आहे का बघा. मग हायवे.

घरी आल्यावर चेन धुऊन तेल, सैल तारा, वाकलेला लिव्हर. पंप चार्जिंगला. आंघोळीच्या आधी.