न जाणारी फाइल: डेस्कटॉप सपोर्टला नव्याने लागलेल्यांसाठी

हेल्पडेस्कला लागलं की सुरुवातीलाच तीन तक्रारी हमखास पदरात पडतात: पासवर्ड विसरलो, प्रिंटर चालेना आणि 'सर, ही फाइल डिलीटच होत नाही हो'. पहिल्या दोन कुणीही शिकवतं. तिसरीवर नवीन पोरं नेटवरून एखादं फुकटचं अनलॉकर उतरवून मोकळी होतात. असल्या टूलबरोबर कधी जाहिरातबाज टूलबार येतो, तर कधी त्याहून वाईट काही. शिवाय फाइल अडली कशामुळे हे कळत नाही ते नाहीच. विंडोज कारण बहुतेक वेळा स्क्रीनवरच सांगते. तो मेसेज स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. युजर 'काहीतरी एरर येतोय' याच्या पुढे सांगत नाही.

'फाइल इन यूज' हा मेसेज सर्वात जास्त दिसतो. कुठल्या तरी प्रोग्रॅमने फाइल उघडून धरलेली असते आणि उघडताना इतरांना डिलीटची मुभा दिलेली नसते. लिनक्समध्ये उघड्या फाइलचंही नाव काढता येतं, जागा मात्र ती बंद झाल्यावर सुटते. त्यामुळे तिकडून आलेली मंडळी इथे जाम वैतागतात. फाइल कोणी धरलीय ते शोधायला रिसोर्स मॉनिटर पुरतो: सीपीयू टॅब, त्यात 'असोसिएटेड हँडल्स', तिथल्या शोधचौकटीत फाइलच्या नावाचा तुकडा टाका. धरणाऱ्या प्रोसेसचं नाव समोर येतं. याहून खोलात जायचं तर सिसइंटर्नल्स या टूलसंचातलं प्रोसेस एक्सप्लोरर वापरा, त्यात कंट्रोल-एफ दाबून शोधता येतं. हा संच मायक्रोसॉफ्टने २००६ साली विकत घेतला, त्यामुळे त्यांच्याच साइटवरून घ्या. गंमत म्हणजे कित्येकदा चोर खुद्द फाइल एक्सप्लोररच निघतो: उजवीकडचा प्रिव्ह्यू पेन फाइल उघडून बसलेला असतो. ऑल्ट-पी दाबून तो बंद करा आणि पुन्हा डिलीट मारून बघा.

शेअर्ड फोल्डरमध्ये मात्र आपल्या मशीनवर कितीही शोधा, काही सापडणार नाही, कारण फाइल दुसऱ्याच्या पीसीवर उघडी असते. अकाउंट्समधली एक एक्सेल शीट घ्या. सगळे शपथेवर सांगतात की आम्ही बंद केलीय. अशा वेळी त्याच फोल्डरमध्ये लपलेल्या फाइल्स दाखवायला लावा, सिस्टिम फाइल्ससकट. मूळ नावाच्या आधी '~$' लावलेली एक चिमुकली फाइल दिसेल. ज्याने शीट उघडलीय त्याचं नाव एक्सेल त्यात लिहून ठेवतं. नोटपॅडमध्ये उघडलीत तर कचऱ्यातही ते वाचता येतं. बहुतेकदा तो माणूस स्क्रीन लॉक करून जेवायला गेलेला असतो. सर्व्हरच्या कॉम्प्युटर मॅनेजमेंटमध्ये 'शेअर्ड फोल्डर्स'खाली 'ओपन फाइल्स' आहे, तिथून फाइल बळजबरीने बंद करता येते. पण आधी फोन करा. त्याची न सेव्ह केलेली आकडेमोड गेली, तर फाइल राहिली बाजूला, भांडण तुमच्या अंगावर येतं.

'ॲक्सेस डिनाइड' हा वेगळा आजार. विंडोज व्हिस्टापासून सिस्टिम फाइल्सची मालकी ट्रस्टेडइन्स्टॉलर या विंडोजच्याच सर्व्हिसकडे असते, ॲडमिनकडेही नाही. टेकओन कमांडने मालकी घेता येते आणि आयकॅकल्सने परवानगी देता येते. जुन्या पीसीतून काढलेल्या हार्ड डिस्कवरच्या फोल्डरसाठी हे बिनधास्त करा. विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरवर कोणी करायला सांगितलं, तर आधी का ते विचारा. 'हायबरफिल' नावाची काही जीबीची फाइल उडवा म्हणणारे युजर भेटतातच. ती हाताने काढायची नसते. ती हायबरनेशनसाठी असते, पॉवरसीएफजी कमांडने हायबरनेशन बंद केलं की आपोआप जाते.

आता नावांची भानगड. 'कॉन नावाचा फोल्डर बनत नाही, बिल गेट्सलाही कारण माहीत नाही' हा फॉरवर्ड तुम्हीही वाचला असेल. कारण अगदी साधं आहे. डॉसमध्ये कॉन म्हणजे कन्सोल, पीआरएन म्हणजे प्रिंटर, एनयूएल म्हणजे काहीच नाही, अशी उपकरणांची नावं राखीव होती. डॉसच्या पहिल्या आवृत्तीत फोल्डरच नव्हते, ते १९८३ मध्ये २.० बरोबर आले. म्हणून ही नावं प्रत्येक फोल्डरमध्ये राखीव राहिली आणि पुढे विंडोजने ती जपली. लिनक्सवरून कॉपी झालेली अशा नावाची फाइल एक्सप्लोररमधून जात नाही. कमांड प्रॉम्प्टमध्ये डेल कमांडला पूर्ण पाथ, म्हणजे ड्राइव्हपासून फाइलपर्यंतचा पत्ता, द्या आणि त्याच्या आधी '\\?\' लावा. नावाची तपासणी टळते आणि फाइल जाते. नावाच्या शेवटी टिंब किंवा रिकामी जागा राहिलेल्या फाइललाही हाच उपाय.

पाथ २६० अक्षरांच्या पुढे गेला की फोल्डरात फोल्डर असलेले बॅकअप अडतात. वरच्या फोल्डरांची नावं एकेका अक्षराची करा, बहुतेकदा तेवढ्यावर भागतं. नाहीतर एक रिकामा फोल्डर घ्या आणि रोबोकॉपी या कॉपी कमांडचा मिरर पर्याय चालवा, तो डेस्टिनेशन हुबेहूब सोर्ससारखं करतो. सोर्स रिकामा, डेस्टिनेशन नको असलेला. एंटर मारण्याआधी डेस्टिनेशनचं नाव मोठ्याने वाचा, तिथे चुकीचा फोल्डर पडला तर त्यातलं काही वाचत नाही.

'करप्टेड अँड अनरीडेबल' दिसलं तर डिलीटचा नाद सोडा. आधी डेटा दुसरीकडे हलवा, मग डिस्क तपासणारी चेकडिस्क कमांड.

आणि डिलीट झालेली फाइल रीस्टार्टनंतर त्याच जागी परत आली, तर ती कोणीतरी पुन्हा बनवतंय. सेफ मोडमध्ये जाऊन ती उडवण्याचा मोह होतो, पण ऑफिसच्या मशीनवर ते करू नका. नेटवर्क केबल काढा, वायफाय बंद करा, मशीन चालूच ठेवा आणि तिकीट सिक्युरिटी टीमकडे ढकला. तिकिटात फाइलचा पूर्ण पाथ आणि ती परत आल्याची वेळ लिहा, ते पहिल्यांदा तेच विचारतात.