आपल्या भागातली माणसं चालायला, सायकलवर आणि बसमध्ये कशी आणायची (पुण्याच्या हिशोबाने)

पर्यावरण वाचवा, गाडी सोडा असं सांगून कोणी गाडी सोडत नाही हे आधी मान्य करून टाकूया. वारजे, धायरी, सिंहगड रोड, कुठेही बघा, माणूस एक किलोमीटरवरच्या भाजीला पण ॲक्टिव्हा काढतो, आणि तो आळशी आहे म्हणून नाही काढत. गेटबाहेर पडलं की फूटपाथवर कोणाच्या तरी रिनोव्हेशनचा राडारोडा, पुढे एमएसईबीचा बॉक्स, त्याच्यापुढे लावलेली बुलेट, म्हणजे चालायचं तर रस्त्यातूनच आणि मागून टेम्पो हॉर्न देतोय, अशात सत्तरीच्या काकूंना तुम्ही कुठल्या तोंडाने सांगणार की चालत जा म्हणून? म्हणून माझं म्हणणं असं की लोकांना समजावणं नंतर, आधी घरापासून बसस्टॉपपर्यंतचा किंवा शाळेपर्यंतचा तो पाचशे मीटरचा तुकडा नीट करून घ्या. तेवढाच. अख्ख्या शहराचं नको.

शहराचे प्लॅन आपल्याकडे आहेत तसे. महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण मंजूर केलं, २०१७ मध्ये सायकल आराखडा झाला, आणि कागदावर ते खरंच चांगलं काम आहे. अर्ज लिहिताना या धोरणाचं नाव टाकायचं, म्हणजे तुम्ही मेहेरबानी मागत नाही आहात, पालिकेने स्वतः कबूल केलेली गोष्ट मागताय हे समोरच्याला कळतं.

आता तुकडा निवडायचा कसा तर सगळ्यात जास्त पायी जाणारे जिथे आहेत तो घ्या, तुमच्या बिल्डिंगसमोरचाच घेऊ नका. निवडला की तो चालून बघा, पण एकटे नाही, सोबत एक आजी किंवा आजोबा घ्या, एक शाळकरी पोरगं आणि बाबागाडी ढकलणारी एखादी आई घ्या. एकदा सकाळी शाळेच्या वेळेला आणि एकदा रात्री साडेसात-आठला, कारण रात्री कुठे अंधार असतो ते दिवसा समजत नाही आणि बायका त्या एका अंधाऱ्या पट्ट्यामुळे बस सोडून रिक्षा करतात. टेप घेऊन जा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या (रस्ते कसे बांधायचे याचे निकष ठरवणारी संस्था) नियमाप्रमाणे राहत्या भागात फूटपाथवर चालायला मोकळी जागा कमीत कमी १.८ मीटर हवी आणि फूटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी एवढा उंच फूटपाथ बांधून ठेवलाय की गुडघेदुखी असलेला माणूस चढूच शकत नाही, तो खालूनच चालतो, आणि मग लोक म्हणतात फूटपाथ दिला तरी वापरत नाहीत!

सिग्नलवर पण घड्याळ लावा. साधारण माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरतात, म्हणजे १८ मीटरच्या रस्त्याला १५ सेकंद लागतात, पण आजी ०.८ च्या वेगाने चालतात तेव्हा त्यांना बावीस-तेवीस सेकंद हवेत. सिग्नल पंधराचाच असेल तर हा हिशोब तसाच अर्जात लिहा. "सिग्नल फार कमी वेळ आहे" यापेक्षा हे वाक्य जास्त काम करतं.

यानंतरची पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे आणि तिथेच बहुतेक लोक थकतात. "फूटपाथ खराब आहे" अशी एकच तक्रार टाकली की ती या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहते, कारण एका फूटपाथवर पाच-सहा खात्यांची कामं असतात. म्हणून फोटो काढतानाच वेगवेगळे करा. उखडलेले पेव्हर ब्लॉक, कर्ब म्हणजे फूटपाथच्या कडेचे दगड, पुसलेलं झेब्रा क्रॉसिंग हे पथ विभागाचं, बंद दिवे विद्युत विभागाचे, वर आलेलं किंवा फुटलेलं चेंबरचं झाकण ड्रेनेजवाल्यांचं, दुकानाचा पुढे आलेला बोर्ड आणि रॅम्प अतिक्रमण विभागाचा, बॉक्स हलवायचा तर महावितरण, पार्किंग आणि सिग्नलची वेळ वाहतूक पोलीस. प्रत्येकाला वेगळा अर्ज, एक पान, फोटोखाली जवळच्या दुकानाची किंवा चौकाची खूण, आणि पालिकेच्या आपल्या भागातल्या क्षेत्रीय कार्यालयात देऊन पोच घ्यायचीच. पालिकेच्या पीएमसी केअर ॲपवर पण टाका पण ॲपवर टाकून गप्प बसू नका, त्या भागाच्या कनिष्ठ अभियंत्याला (जेई) एकदा जागेवर बोलवा, चहा पाजा, त्याच आजींसोबत ते पाचशे मीटर चालवा. जेई लोकांवर कामाचा भार खूप असतो, त्यांना नीट लिहिलेली यादी मिळाली तर त्यांचं पण काम सोपं होतं. महिनाभरात काहीच हाललं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका, दहा रुपये फी आहे आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, विचारायचं एवढंच की अमुक तारखेच्या अर्जावर काय कार्यवाही झाली.

पैसे नाहीत असं उत्तर आलं तर पुण्यात एक सोय आहे जी फार कमी लोक वापरतात. महापालिकेच्या बजेटमध्ये नागरिकांनी कामं सुचवायची योजना २००६-०७ पासून चालू आहे, साधारण पाच लाखांपर्यंतचं छोटं काम, फूटपाथ दुरुस्ती, बसथांबा, दिवे, असलं काही सुचवता येतं. फॉर्म साधारण पावसाळ्याच्या शेवटी शेवटी निघतात, वेबसाइटवर आणि क्षेत्रीय कार्यालयात मिळतात. तुमचा पाचशे मीटरचा तुकडा यात बसतो. चार सोसायट्यांनी एकच काम सुचवलं तर फारच उत्तम, आणि सोबत नगरसेवकाला पण प्रत द्या.

एक कळकळीची विनंती, फूटपाथची तक्रार करताना पहिला वार भाजीवालीवर करू नका. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने तिला हक्क दिलेत, आणि दुसरं म्हणजे संध्याकाळी जिथे भाजीवाली, कणसंवाला, इस्त्रीवाला बसलेला असतो तिथूनच बायका-मुली निर्धास्त चालतात. त्यांची जागा नीट आखून द्या, चालायला १.८ मीटर मोकळे ठेवा, एवढं मागा. फूटपाथवर सगळ्यात जास्त जागा खातात त्या उभ्या केलेल्या गाड्या, आणि त्या आपल्याच असतात.

रस्ता थोडा सुधारला की मग माणसं. बससाठी लिफ्टमध्ये एक कागद लावा, आपल्या स्टॉपवरून कुठल्या नंबरच्या बस कुठे जातात आणि साधारण किती वेळाने येतात, मोठ्या अक्षरात. खूप जणांना आपल्या स्टॉपवरून थेट स्टेशनला बस आहे हेच माहीत नसतं. "आपली पीएमपीएमएल" ॲपमध्ये बस कुठवर आलीये ते दिसतं, तिकीट पण निघतं, ते ज्येष्ठ मंडळींना फोनवर लावून द्या आणि पहिल्या वेळी सोबत जा. स्वारगेटला मेट्रो सप्टेंबर २०२४ पासून आलीये, त्यामुळे सिंहगड रोडवाल्याला पिंपरीला जायचं तर स्वारगेटपर्यंत बस आणि पुढे मेट्रो हे गाडीपेक्षा खरंच शांत पडतं. रोज जा म्हणू नका कोणाला, आठवड्यातून एक दिवस म्हणा, शक्यतो दोघं-तिघं मिळून. बसच कमी असेल तर जवळच्या डेपो मॅनेजरला पत्र द्या, त्यात किती जणांना किती वाजता कुठे जायचंय याची यादी जोडा, सह्यांच्या नुसत्या गठ्ठ्यापेक्षा ही यादी त्यांना उपयोगी पडते.

सायकलचं सोपं आहे कारण सायकली आहेतच, प्रत्येक पार्किंगमध्ये धूळ खात पडलेल्या. एका रविवारी पंक्चरवाल्याला सोसायटीत बोलवा, सगळ्यांनी वर्गणी काढून ट्यूब, ब्रेक, चेन करून घ्या. आणि सायकल लावायची जागा लिफ्टजवळ द्या, बेसमेंटच्या टोकाला नको, एका कारच्या जागेत आठ-दहा सायकली आरामात बसतात. हा ठराव सोसायटीच्या वार्षिक सभेत (एजीएममध्ये) मांडा, भांडण होईल, होऊ द्या. मोठ्या रस्त्यावर नवख्याला पाठवू नका, आतल्या गल्ल्यांमधून दूध, क्लास, मंडई एवढंच आधी. पुणे एके काळी सायकलींचं शहर होतं ते काही वेगळ्या ट्रॅकमुळे नव्हतं, रस्त्यावर गाड्यांचा वेग कमी होता म्हणून होतं, त्यामुळे ट्रॅक मागण्याआधी शाळेजवळ आणि आतल्या रस्त्यांवर नीट मापातले गतिरोधक मागा.

मुलांसाठी, एकाच शाळेत जाणारी पोरं गोळा करून दोन पालकांनी पाळीपाळीने चालत न्यायची. शाळेशी बोलून गेटपासून शंभर मीटर गाड्या थांबवायच्या नाहीत एवढं ठरवून घेतलं तर गेटवरची निम्मी कोंडी तिथेच सुटते, कारण ती कोंडी सोडायला आलेल्या गाड्यांचीच असते.

आणि रस्ता गाड्यांशिवाय कसा दिसतो हे लोकांना एकदा दाखवायचं असेल तर एखाद्या रविवारी सकाळी गल्ली बंद ठेवा, वाहतूक पोलिसांची परवानगी काढून. ११ डिसेंबरला लक्ष्मी रोडवर उंबऱ्या गणपती ते गरुड गणपती चौक पादचारी दिन होतो, २०२१ पासून, तिथे एकदा आपल्या दुकानदारांना घेऊन जा. दुकानदारांना भीती असते की गाडी आली नाही तर गिऱ्हाईक येणार नाही. त्यांच्याशी परवानगी काढायच्या आधी बोला, नंतर नाही, आणि मालाच्या टेम्पोची वेळ त्यांनाच ठरवू द्या.