स्क्रिप्ट समोर दिसतेय, तरी लिनक्स म्हणतं ‘फाइल सापडत नाही’

विंडोजवर पॅकेज बांधायचं, लिनक्सवर इन्स्टॉल स्क्रिप्ट चालवायची. तिथे ‘बॅड इंटरप्रिटर, नो सच फाइल’ अशी चूक यायची. एक्झिक्युट परवानगी दिली, बॅश (स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) पुन्हा टाकलं, त्याचं नाव सांगणारी स्क्रिप्टची पहिली ओळ बदलली. दोन संध्याकाळी वाया. डॉसटूयुनिक्सने (ओळींचे शेवट लिनक्ससारखे करणारं टूल) चालायची, पण पुढच्या पॅकेजात पुन्हा तेच.

शेवटी कॅटला (फाइल दाखवणारी कमांड) ‘-ए’ (कॅपिटल) देऊन पाहिलं. मॅकवर हा पर्याय नाही, तिथे लहान ‘-व्हीई’. पहिल्या ओळीच्या टोकाला ‘^एम’! हे सीआर नावाचं अदृश्य अक्षर: विंडोज ओळ संपवायला सीआर आणि एलएफ वापरतं, लिनक्स फक्त एलएफ. म्हणजे लिनक्स ‘बॅश’ नव्हे, ‘बॅश आणि एक अदृश्य सीआर’ नावाचा प्रोग्रॅम शोधत होतं. विंडोजवरचं गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं टूल) ऑटोसीआरएलएफ या सेटिंगमुळे चेकआउट करताना, म्हणजे फाइली डिस्कवर उतरवताना, तो घुसवत होतं.

उपाय, याच क्रमाने: आधी चालू काम कमिट करा (गिटमध्ये नोंदवा). रेपोच्या (गिटच्या प्रोजेक्ट फोल्डरच्या) मुळाशी ‘.गिटअ‍ॅट्रिब्यूट्स’ फाइलमध्ये ‘*.एसएच टेक्स्ट ईओएल=एलएफ’ ही ओळ लिहा (अर्थात रोमन लिपीत), म्हणजे .एसएच स्क्रिप्ट नेहमी एलएफनेच उतरतील. मग ‘गिट अ‍ॅड .गिटअ‍ॅट्रिब्यूट्स’ (नवी फाइल पुढची कमांड घेत नाही), ‘गिट अ‍ॅड --रीनॉर्मलाइझ .’ आणि कमिट. रीनॉर्मलाइझसाठी गिट २.१६ किंवा नंतरचं हवं. इथे मी एकदा फसलो: डिस्कवरच्या जुन्या फाइली याने बदलत नाहीत. त्या स्क्रिप्ट डिलीट करून ‘गिट चेकआउट -- .’ द्या, मगच पॅकेज बांधा.