पुणे-दिल्ली-पुणे दोनदा, पण एकाच तिकिटावर: शेवटी जमलं

पुणे-दिल्ली-पुणे, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच, असं विमानाचं बुकिंग एका पीएनआरवर (बुकिंग नंबरवर) हवं होतं. मल्टीसिटीत, म्हणजे अनेक प्रवास एकत्र बुक करायच्या पर्यायात, चारही सेक्टर (प्रवासाचे टप्पे) टाकले, फ्लाइट दिसायच्या, पण शेवटच्या पानावर 'या निवडीला भाडं उपलब्ध नाही'. इनकॉग्निटो, अॅप, दुसरा ब्राउझर, काही फरक नाही. ट्रॅव्हल पोर्टलवर झालं पण त्यांनी गुपचूप वेगवेगळे पीएनआर दिले, म्हणजे काय उपयोग! डोकं फिरलं होतं.

गोची फेअर टाइपची, म्हणजे भाड्याच्या प्रकाराची होती. मी प्रत्येक सेक्टरला सगळ्यात स्वस्त दिसेल ते निवडत होतो, आणि काही भाडी नियमानुसार एकमेकांत मिसळताच येत नाहीत.

आता क्रम असा. एअरलाइनच्याच साइटवर मल्टीसिटी, तारखेच्या क्रमाने चार ओळी. मग चारही सेक्टरला एकच फेअर टाइप, एखाद्यात तो संपला असेल तर त्याच दिवसाची दुसरी फ्लाइट घ्या, टाइप बदलू नका. पैसे भरायच्या आधी चारही सेक्टर एकाच बुकिंगमध्ये दिसतायत ना ते बघा, आणि नंतर मेलमध्ये १३ आकडी ई-तिकीट नंबर एकच आहे का तपासा. एका नंबरात चारच कुपन (दर सेक्टरला एक) मावतात, पाचवा सेक्टर टाकलात तर जोडून दुसरा नंबर येतो, घाबरू नका.

एक मात्र आहे, मधला सेक्टर न सांगता चुकवला तर पुढचे बहुतेक वेळा आपोआप कॅन्सल होतात, त्यामुळे बेत बदलला तर फ्लाइट सुटायच्या आधीच एअरलाइनला फोन करून बदलून घ्या.