गंगापूर धरणावरच्या जुन्या बोटीचा फीड पंप बदलताना

बोट सुरू होते, काठापासून थोडी लांब जाते आणि बंद पडते. सेल्फ मारला की पुन्हा थोडा वेळ चालते. जुन्या डिझेल इंजिनात अशा वेळी संशय फीड पंपावरच जातो (टाकीतलं डिझेल ओढून पुढे इंजिनाकडे ढकलणारा पंप), पण आधी फिल्टर आणि टाकीकडून येणारी नळी बघा. टाकी ते पंप या टप्प्यात डिझेल ओढलं जातं. तिथली क्लिप ढिली असली तर डिझेल गळताना दिसत नाही, पण आत हवा शिरते.

ते ठीक असेल तर पंपातून बाहेर जाणारी नळी सोडून तिचं तोंड बाटलीत धरा, स्टॉप (इंजिन बंद करायचा दांडा) ओढून ठेवा आणि सेल्फ मारा. डिझेल ठोक्याठोक्यानं जोरात यायला हवं. नुसतं ठिबकलं तर पंप गेला.

आता डीपस्टिक काढा. ऑइलची पातळी वाढली असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर बहुधा पंपातला डायफ्राम (लवचिक पडदा) फाटून डिझेल सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात उतरलंय. मग नुसता पंप बदलून भागत नाही. ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलल्याशिवाय इंजिन चालवू नका. पातळ ऑइलवर बेअरिंग जातात.

नवा पंप आणताना जुना सोबत न्या. इंजिनातल्या कॅमवर (फिरत्या दांड्यावरचा उंचवट्याचा भाग) टेकून पंप चालवणाऱ्या लिव्हरची लांबी आणि वाक तंतोतंत जुळला पाहिजे. गॅस्केटही तेवढ्याच जाडीचं घ्या. जाड झालं तर लिव्हरची चाल कमी होते आणि पंप कमी डिझेल देतो.

बॅटरीची वायर काढा, टाकीचा कॉक बंद करा, पंपाखाली ट्रे ठेवा. नाशिकचं पिण्याचं पाणी याच धरणातून येतं, त्यामुळे बोटीच्या तळाशी साचलेलं डिझेल पाण्यात उपसून टाकू नका.

नळ्या सोडा, दोन बोल्ट काढा, पंप बाहेर घ्या. ब्लॉकवरचं जुनं गॅस्केट खरवडताना भोकात चिंधी कोंबा आणि नंतर आठवणीनं काढा.

सगळ्यात जास्त चूक बसवताना होते. लिव्हर कॅमच्या योग्य बाजूलाच टेकला पाहिजे. चुकून दुसऱ्या बाजूला गेला आणि बोल्ट आवळले, तर लिव्हर तुटतो. पंप हातानं दाबून बघा: स्प्रिंगचा थोडा विरोध जाणवेल, पण तो जागेवर बसेल. खूप ताकद लागत असेल तर कॅमचा उंचवटा समोर आलाय. इंजिन हातानं एक फेरा फिरवा. बोल्ट आलटून पालटून थोडे थोडे आवळा. बॅन्जो बोल्टला (नळी जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे नवे वॉशर घाला.

मग एअर काढा. कॉक उघडा, डिझेल फिल्टरवरचा स्क्रू ढिला करा आणि पंपाचा हाताचा लिव्हर मारत राहा. बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की स्क्रू बंद. तेच इंजेक्शन पंपाच्या (इंजेक्टरना जोरदार दाबानं डिझेल देणारा पंप) स्क्रूवर करा. लिव्हर सैल लागत असेल तर पंप खराब समजू नका, इंजिन एक फेरा फिरवून पुन्हा मारा. तरीही सुरू झालं नाही, तर इंजेक्टरवर येणाऱ्या नळ्यांचे नट एकेक आटा ढिले करून सेल्फ मारा. तिथे हाताचं बोट नेऊ नका. त्या दाबाचं डिझेल कातडीत घुसतं.

पेट्रोल इंजिन असेल तर गाडीचा पंप चालणार नाही, बोटीसाठीचाच हवा. तो डायफ्राम फाटला तरी पेट्रोल बोटीत सांडू देत नाही. बंद तळाशी साचलेली वाफ एका ठिणगीनं पेटते.

दहा मिनिटं काठाला बांधूनच चालवा, जोड कोरड्या कापडानं पुसून बघा. इंजिन थंड झालं की डीपस्टिक परत तपासा. पातळी वर सरकली असेल तर नवा पंपही उतरवावा लागेल.