कुत्र्याच्या यकृताची रक्ततपासणी: तयारी कशी करावी आणि रिपोर्ट कसा वाचावा

यकृताचा आजार कुत्र्यामध्ये बराच काळ लपून राहतो. या अवयवाची राखीव ताकद एवढी मोठी असते की त्याचा निम्म्याहून अधिक भाग निकामी झाला तरी कुत्रा खातो-पितो, खेळतो आणि घरातल्या कोणाच्याही काही लक्षात येत नाही. रक्ततपासणी महत्त्वाची ठरते ती यामुळेच. मात्र रिपोर्टवर यकृताच्या नावाने छापलेले सगळे आकडे एकाच गोष्टीविषयी बोलत नाहीत, हे पालकाने सुरुवातीलाच समजून घ्यावे. त्यातले काही आकडे यकृताच्या पेशींना इजा झाली आहे का, हे सांगतात. काही पित्ताचा प्रवाह अडला आहे का, हे सांगतात. आणि यकृत आपले काम प्रत्यक्षात किती करत आहे, हे सांगणारे आकडे वेगळेच असतात. पहिल्या गटातला एखादा आकडा लाल अक्षरात दिसला म्हणजे यकृत बंद पडले असे होत नाही, आणि तो आकडा नॉर्मल आला म्हणजे यकृत ठणठणीत आहे असेही नाही.

पायरी १: तपासणीची वेळ ओळखावी

भूक मंदावणे, अधूनमधून उलट्या होणे, वजन घटणे, पाणी जास्त पिणे आणि लघवी वाढणे ही लक्षणे यकृताच्या आजारात दिसतात. पण ती इतर अनेक आजारांतही दिसत असल्यामुळे एकट्या लक्षणांवरून निदान होत नाही. कावीळ ओळखण्यासाठी कुत्र्याला दिवसाच्या उजेडात घेऊन वरची पापणी हलकेच उचलावी आणि डोळ्याचा पांढरा भाग पाहावा. त्यानंतर ओठ वर करून हिरड्या आणि शेवटी कानाच्या आतली कातडी पाहावी. बल्बच्या पिवळ्या प्रकाशात ही पाहणी फसवी ठरते. हिरड्या मुळातच काळ्या असतील, तर डोळा आणि कान यांवरच भर द्यावा.

पिवळेपणा, डांबरासारखी काळी शी, किरकोळ कारणाने रक्त येणे, भिंतीला डोके टेकवून उभे राहणे, दिशाहीन फिरणे किंवा झटके यांपैकी काहीही दिसल्यास सवडीने अपॉइंटमेंट घेण्यात वेळ घालवू नये आणि त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे जावे. झायलिटॉल असलेला च्युइंगम किंवा गोड पदार्थ, सायकस या शोभेच्या झाडाच्या बिया, पॅरासिटामॉलच्या गोळ्या किंवा बुरशी आलेले खाद्य पोटात गेल्याचा संशय असेल, तर लक्षणांची वाट पाहणेच धोक्याचे असते. झायलिटॉलने रक्तातली साखर लवकर कोसळते, पण यकृताची इजा रक्तात दिसायला एक ते तीन दिवस लागू शकतात. म्हणून पहिल्या दिवसाचा चांगला रिपोर्ट अंतिम मानू नये.

लक्षणे नसतानाही तपासणी करण्याची काही चांगली कारणे आहेत. भूल देण्यापूर्वी, उतारवयात, दीर्घकाळ चालणारे औषध सुरू करण्याआधी आणि यकृताच्या आजाराकडे कल असलेल्या जातींमध्ये ती करून घ्यावी. बेडलिंग्टन टेरियर, लॅब्राडोर, डॉबरमन आणि डाल्मेशियन यांच्यात यकृतात तांबे साठण्याचा आजार आढळतो, तर यॉर्कशायर टेरियर आणि मिनिएचर श्नाउझर यांसारख्या लहान जातींत आतड्यांकडून येणारे रक्त यकृताला वळसा घालून जाणारी जन्मजात रक्तवाहिनी, म्हणजे शंट, तुलनेने अधिक दिसते.

पायरी २: आदल्या दिवशीची तयारी

नमुना साधारणपणे ८ ते १२ तासांच्या उपासानंतर घेतात. जेवणानंतर रक्तात चरबी तरंगते, नमुना दुधाळ होतो आणि त्यामुळे बिलिरुबिन या काविळीत वाढणाऱ्या पिवळ्या रंगद्रव्यासह अनेक मोजमापे बिघडतात. पाणी मात्र बंद करू नये. अगदी लहान पिल्ले, खेळण्याएवढ्या छोट्या जातींचे कुत्रे आणि इन्सुलिन चालू असलेले मधुमेही कुत्रे यांना पशुवैद्यकाला विचारल्याशिवाय उपाशी ठेवू नये, कारण त्यांची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

यापेक्षाही महत्त्वाची तयारी म्हणजे औषधांची यादी. पालक गोळ्या सांगतात, पण कानात घालायचे थेंब, डोळ्यांचे थेंब आणि त्वचेवर लावायचे मलम सांगायला विसरतात. आणि यांपैकी अनेकांत स्टेरॉइड असते. कुत्र्याच्या यकृतात स्टेरॉइडमुळे एएलपी या एन्झाइमचा एक खास प्रकार तयार होतो, त्यामुळे यकृताला मोठी इजा नसतानाही हा आकडा कित्येक पटींनी चढतो. आकडीसाठी दिले जाणारे फेनोबार्बिटोनही हाच परिणाम करते. कानाच्या एका बाटलीचा उल्लेख राहून गेला म्हणून कुत्र्याला सोनोग्राफीपर्यंत नेले जाणे टाळता येते. तेव्हा गेल्या दोन महिन्यांत दिलेले प्रत्येक औषध, पूरक खाद्य आणि वनौषधी कागदावर लिहून न्यावी. कोणतेही औषध तपासणीसाठी स्वतःहून बंद मात्र करू नये.

आदल्या दिवशी फार पळवू नये. एएसटी आणि काही प्रमाणात एएलटी ही एन्झाइम्स स्नायूंतूनही रक्तात येतात. दमवणारा व्यायाम, झटके किंवा स्नायूत दिलेले इंजेक्शन यांमुळे ती वाढू शकतात.

पायरी ३: नमुना देताना

रक्त बहुधा पुढच्या पायाच्या नसेतून किंवा मानेतल्या मोठ्या नसेतून घेतात. कुत्रा शांत असेल तर काम पटकन होते आणि नमुनाही चांगला मिळतो. पालकाने कुत्र्याच्या डोक्याजवळ उभे राहावे, एक हात हनुवटीखालून घेऊन तोंड आपल्याकडे वळवून धरावे आणि नेहमीच्या आवाजात बोलत राहावे. घाबरलेल्या किंवा चावण्याची शक्यता असलेल्या कुत्र्याला आधीच मझल, म्हणजे तोंडाची मुसकी, घालावे. त्यात कुत्र्याचा अपमान नाही आणि सगळ्यांची सोय आहे. कुत्रा आपल्यासमोर जास्तच बिथरत असेल, तर बाहेर थांबणे हीच त्याला केलेली मदत समजावी.

जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्तपेशींच्या मोजणीसाठी रक्त घेतात, लाल किंवा पिवळ्या टोपणाच्या नळीत एन्झाइम्स, बिलिरुबिन आणि प्रथिनांसाठी, आणि फिक्या निळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठण्याच्या चाचणीसाठी. शक्य असेल तर पेशींपासून वेगळे झालेले सीरम पाहायला मागावे. निरोगी कुत्र्याचे सीरम जवळजवळ रंगहीन किंवा अगदी फिके असते. ते स्पष्ट पिवळे असेल तर बिलिरुबिन वाढले आहे. गुलाबी-लाल असेल तर तांबड्या पेशी फुटल्या आहेत, आणि नमुना घेताना त्या फुटल्या असतील तर काही आकडे खोटे येतील. दुधाळ असेल तर चरबी जास्त आहे. नमुना खराब असल्याचा शेरा रिपोर्टवर असेल, तर त्या आकड्यांवर निर्णय न घेता तपासणी पुन्हा करून घ्यावी.

पायरी ४: आधी एन्झाइम्स पाहावीत

प्रत्येक आकड्यापुढे प्रयोगशाळेची मर्यादा छापलेली असते. ती निरोगी कुत्र्यांपैकी मधल्या सुमारे ९५ टक्के कुत्र्यांच्या आकड्यांवरून ठरवलेली असते. म्हणजेच २० चाचण्या केल्या तर त्यातली एखादी निरोगी कुत्र्यातही मर्यादेबाहेर जाऊ शकते. ही मर्यादा यंत्रागणिक बदलते, त्यामुळे इंटरनेटवर सापडलेल्या तक्त्याशी तुलना न करता त्याच रिपोर्टवरची मर्यादा धरावी. माणसांच्या मर्यादा तर कधीच लावू नयेत.

एएलटी, म्हणजेच अनेक रिपोर्टवर एसजीपीटी म्हणून छापले जाणारे एन्झाइम, यकृताच्या पेशींना इजा झाली की बाहेर झिरपते. वरच्या मर्यादेच्या दुपटी-तिपटीपर्यंतची वाढ सौम्य मानतात आणि दहापटीच्या वरची वाढ तीव्र. सौम्य वाढ अनेकदा दातांचे दुखणे, आतड्यांचा दाह किंवा हार्मोनचा बिघाड अशा यकृताबाहेरच्या कारणांमुळेही होते. एएसटी वाढलेले असेल तर स्नायूंचे सीके हे एन्झाइम सोबत पाहावे. सीकेही चढलेले असेल, तर संशय स्नायूंकडे जातो.

एएलपी आणि जीजीटी प्रामुख्याने पित्तमार्गाविषयी सांगतात. एएलपीचा अर्थ लावताना मात्र सर्वांत जास्त घाई होते. हाडे वाढत असल्यामुळे पिल्लांमध्ये ते नैसर्गिकरीत्याच जास्त असते. मध्यम किंवा उतारवयाचा कुत्रा खूप पाणी पीत असेल, त्याचे पोट सुटले असेल, केस विरळ झाले असतील आणि एएलपी खूप वाढलेले असेल, तर कुशिंग या हार्मोनच्या आजाराचा विचार करावा लागतो. एएलपी एकटेच वाढलेले असताना यकृताच्या टॉनिकची बाटली घेऊन घरी येणे मला योग्य वाटत नाही. कारण शोधण्यासाठी पुढचा प्रश्न विचारणे योग्य वाटते.

एकाच आकड्यापेक्षा आकड्यांची दिशा अधिक बोलते. कुत्र्याच्या रक्तात एएलटीचा अर्धायुकाल साधारण अडीच दिवसांचा असतो. विषबाधेसारखी एकदाच झालेली इजा थांबली असेल, तर दर काही दिवसांनी तो आकडा जवळपास निम्मा होत जातो आणि दोन-तीन आठवड्यांत खाली येतो. पण उतरता एएलटी प्रत्येक वेळी चांगला नसतो. यकृतात झिरपण्याजोग्या पेशीच फारशा उरल्या नसतील, तरीही तो उतरतो. एएलटी खाली येत असताना बिलिरुबिन वाढत असेल आणि अल्ब्युमिन हे यकृतात बनणारे प्रथिन घटत असेल, तर प्रकृती सुधारत नसून बिघडत आहे असे समजावे.

पायरी ५: काम दाखवणारे आकडे शोधावेत

अल्ब्युमिन, युरिया, ग्लुकोज, कोलेस्टेरॉल आणि बिलिरुबिन हे आकडे रिपोर्टवर बहुधा विखुरलेले असतात. ते एकत्र वाचावेत. यकृत थकले की अल्ब्युमिन कमी बनते, अमोनियाचे युरियात रूपांतर कमी होते आणि अखेरच्या टप्प्यात साखरही टिकत नाही. सारे आकडे मर्यादेच्या आत असले तरी पहिले दोन तळाला टेकलेले असतील, तर त्याची दखल घ्यावी. मात्र अल्ब्युमिन मूत्रपिंडातून किंवा आतड्यांतूनही गळू शकते, म्हणून लघवीतील प्रथिने तपासल्याशिवाय यकृताला दोष देऊ नये. अल्ब्युमिनचा अर्धायुकाल आठवडाभराच्या आसपास असल्यामुळे अचानक आलेल्या आजारात पहिल्या दिवसांत ते नॉर्मलच दिसते.

कातडी आणि डोळे पिवळे दिसू लागतात ते बिलिरुबिन साधारण २ ते ३ मिलिग्रॅम प्रति डेसिलीटरच्या पुढे गेल्यावर. त्या वेळी सर्वप्रथम सीबीसीमधील (रक्तपेशींच्या मोजणीतील) हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातले तांबड्या पेशींचे प्रमाण, पाहावे. ते फार खाली असेल, तर कावीळ यकृतामुळे नसून तांबड्या पेशी फुटल्यामुळे असू शकते, आणि त्याचे उपचार पूर्णपणे वेगळे आहेत. लघवीत थोडे बिलिरुबिन आढळले तर घाबरू नये. घट्ट लघवी असलेल्या निरोगी कुत्र्यात, विशेषतः नरात, ते दिसू शकते.

काविळीबरोबर ताप असेल किंवा मूत्रपिंडाचे आकडेही बिघडलेले असतील, तर लेप्टोस्पायरोसिसची चाचणी करण्याबद्दल विचारावे. हा आजार कुत्र्याच्या लघवीतून माणसाला होऊ शकतो, म्हणून निकाल येईपर्यंत लघवी साफ करताना हातमोजे घालावेत.

पायरी ६: बाइल ॲसिड चाचणी

यकृत प्रत्यक्ष किती काम करत आहे, याबद्दल शंका उरली तर ही चाचणी करतात. जेवणानंतर पित्ताशय आकुंचन पावते, पित्ताम्ले (बाइल ॲसिड) आतड्यात उतरतात, तिथून पुन्हा रक्तात शोषली जाऊन यकृताकडे येतात आणि निरोगी यकृत ती लगेच उचलून घेते. शंट असेल किंवा यकृत दुबळे असेल, तर ती रक्तातच फिरत राहतात.

१२ तासांच्या उपासानंतर पहिला नमुना घेतात, मग थोडी चरबी असलेले थोडेसे खाद्य देतात आणि बरोबर दोन तासांनी दुसरा नमुना घेतात. या दोन तासांची जबाबदारी पालकाची असते. कुत्र्याने वाटीतले किती खाल्ले, ते पाहावे. खाण्याची वेळ लिहून ठेवावी. मध्ये काहीही खायला देऊ नये. उलटी झाली तर ती लपवू नये. जेवणानंतर गोंधळल्यासारखा वागणाऱ्या कुत्र्याला कोणते खाद्य द्यायचे, हे पशुवैद्यकानेच ठरवावे, कारण प्रथिनयुक्त जेवणाने त्याची अवस्था बिघडू शकते.

जेवणानंतरचा आकडा साधारण २५ ते ३० मायक्रोमोल प्रति लीटरच्या वर गेला, तर पुढील तपासणीची गरज असते. कधी कधी उपाशीपोटीचाच आकडा दुसऱ्यापेक्षा मोठा येतो. पित्ताशय मधल्या काळात आपोआप आकुंचन पावल्यामुळे तसे घडते आणि तेव्हा दोहोंपैकी मोठा आकडा विचारात घेतात. मॉल्टीज जातीत मात्र आजार नसतानाही आकडे चढे येऊ शकतात. यकृताच्याच आजाराने कावीळ झालेली असेल, तर या चाचणीतून नवे काही कळत नाही. त्यावर खर्च न करणे उत्तम. अमोनियाची चाचणीही उपयुक्त आहे, पण तिचा नमुना बर्फावर ठेवून ताबडतोब तपासावा लागतो, त्यामुळे ती जिथे यंत्र हाताशी आहे तिथेच करावी.

पायरी ७: रिपोर्टनंतर काय करावे

कुत्रा तरतरीत असेल आणि एन्झाइम्सची वाढ सौम्य असेल, तर संशयित कारण दूर करून दोन ते चार आठवड्यांनी त्याच प्रयोगशाळेत तपासणी पुन्हा करणे सहसा पुरेसे असते. वाढ टिकून राहिली किंवा काम दाखवणारे आकडे बिघडलेले असतील, तर सोनोग्राफी करावी. तिच्यात पित्ताशय, गाठी आणि काही शंट दिसतात. पण दीर्घकालीन दाह आहे की तांबे साठले आहे, हे ठरवण्यासाठी यकृताचा तुकडा काढून तपासावा लागतो. रक्त गोठवणारे बहुतेक घटक यकृतच बनवत असल्यामुळे बायोप्सीपूर्वी पीटी आणि एपीटीटी या गोठण्याच्या चाचण्या करून घ्याव्यात.

सांधेदुखीसाठी कार्प्रोफेन किंवा त्याच्या गटातले औषध सुरू करायचे असेल, तर आधी एक तपासणी आणि सुरुवातीच्या दोन ते चार आठवड्यांत दुसरी करावी. त्यानंतरचे अंतर कुत्र्याच्या वयाप्रमाणे पशुवैद्यक ठरवतात. या काळात कुत्र्याने अन्न सोडले, उलट्या सुरू झाल्या किंवा डोळे पिवळसर वाटले, तर पुढचा डोस न देता त्याच दिवशी पशुवैद्यकाला फोन करावा आणि पहिला रिपोर्ट सोबत घेऊन जावे, म्हणजे नवा आकडा कशाशी ताडून पाहायचा हा प्रश्न उरत नाही.