रशियाचे परराष्ट्र धोरण कसे वाचावे

रशियाच्या परराष्ट्र धोरणाचा अभ्यास करताना पुतिन यांच्या मनाचे अंदाज बांधण्यापेक्षा रशियन सरकारने स्वतः काय लिहून ठेवले आहे, तेथून सुरुवात करावी. ‘परराष्ट्र धोरणाची संकल्पना’ हा अधिकृत दस्तऐवज १९९३ पासून अनेकदा नव्याने मांडला गेला आहे. त्यांपैकी २०१६ चा आणि ३१ मार्च २०२३ चा असे दोन शेजारी ठेवून वाचावेत. एकच दस्तऐवज वाचला तर त्यातील सगळी विधाने सारख्याच वजनाची (आणि सारखीच कंटाळवाणी) वाटतात. तुलनेत मात्र बदल ठळक दिसतात. २०२३ मध्ये प्रदेशांच्या क्रमात आधी ‘निकटचा परदेश’, म्हणजे मुख्यतः पूर्वीची सोव्हिएत प्रजासत्ताके, मग आर्क्टिक आणि त्यानंतर चीन व भारत येतात, तर युरोप आणि अमेरिका जवळजवळ शेवटी ढकलले गेले आहेत.

कळीचे शब्द मूळ रशियन अर्थासह तपासावेत. ‘देशबांधव’ या संज्ञेत १९९९ च्या कायद्यानुसार केवळ परदेशस्थ नागरिक येत नाहीत. रशियाशी वंशाने वा संस्कृतीने जोडलेले इतर लोकही येतात, आणि त्यांच्या संरक्षणाची भाषा शेजारी देशांना का खुपते, हे त्यावरून उमगते.

बोलणारा कोण, हेही पाहावे. राज्यघटनेच्या ८६ व्या कलमानुसार परराष्ट्र धोरणाचे नेतृत्व राष्ट्राध्यक्षांकडे आहे. २१ फेब्रुवारी २०२२ रोजी दूरचित्रवाणीवर दाखवलेल्या रशियाच्या सुरक्षा परिषदेच्या बैठकीत परदेशी गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख नारिश्किन अडखळले, तेव्हा पुतिन यांनी त्यांना स्पष्ट बोलण्यास फर्मावले. निर्णय कोठे होतो, हे त्या एका प्रसंगातून पुरेसे कळते.

यानंतर लिखित धोरण कृतीशी ताडून पाहावे. निकटच्या परदेशाला पहिला मान देणारा दस्तऐवज मंजूर होऊन सहा महिनेही झाले नव्हते, तोच सप्टेंबर २०२३ मध्ये अझरबैजानने नागोर्नो-काराबाख या आर्मेनियन वस्तीच्या वादग्रस्त प्रदेशाचा ताबा घेतला आणि २०२० पासून तेथे तैनात असलेल्या रशियन शांतिसैनिकांनी त्याला अटकाव केला नाही. रशियाचे बळ युक्रेनमध्ये गुंतले होते, हे एक स्पष्टीकरण. रशियाला आर्मेनियापेक्षा बाकू (अझरबैजान) आणि अंकारा (तुर्कस्तान) अधिक उपयोगी ठरले होते, हे दुसरे. दोन्ही लिहून ठेवावीत आणि प्रत्येकापुढे ते कोणत्या घटनेने खोटे ठरेल, हेही नोंदवावे. डिसेंबर २०२४ मधील अझरबैजानी प्रवासी विमानाच्या दुर्घटनेनंतर (तिचा दोष बाकूने रशियन हवाई संरक्षणाला दिला) मॉस्को-बाकू संबंध बिघडले, तेव्हा दुसऱ्या स्पष्टीकरणाची फेरतपासणी आवश्यक झाली.